भूपालमास्तरांची बिननावाची लिली

भूपालमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच नर्सरीत, माझ्याच पाटीवर काट मारताना. जास्वंदीच्या कुंड्यांसमोर ते उकिडवे बसले होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि हातात पेन्सिल. पाटीवर मी लिहिलेलं जातीचं नाव त्यांनी सरळ रेघ ओढून खोडलं आणि पुढच्या कुंडीकडं सरकले.

"ओ काका, काय चाललंय?"

"ही ती न्हाई," ते म्हणाले. मान वर केली नाही. "तिच्या पाकळीच्या बुडाला लाल असतो. ह्यात गुलबाशी हाय. तुमाला कुनीतरी दुसरीच दिलीया."

"मग हिचं खरं नाव काय?"

"मला ठाऊक न्हाई."

"ठाऊक नाही तर खोडताय कशाला?"

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "जे न्हाई ते तरी काढून टाकावं की, आक्का."

मी त्यांना गेटपर्यंत सोडून आले, म्हणजे घालवूनच आले. संध्याकाळी रोपं पुरवणाऱ्याला फोन केला. तो आधी आडवंतिडवं बोलला आणि मग कबूल झाला, की त्या खेपेला दोन जातींच्या कलमांची सरमिसळ झाली होती. मला माणूस आवडला असं म्हणणार नाही. पण उपयोगाचा वाटला. आठवड्यानं ते पुन्हा आले तेव्हा मी चहा दिला.

मी मूळची कुंडलची. नवरा फौजेत होता तोवर त्याच्या बदल्यांमागं हिंडले, मग माधवनगरच्या बाहेर सासऱ्यांच्या दोन एकरांत नर्सरी टाकली. मास्तर त्याच भागातले. सगळे मास्तर म्हणायचे म्हणून मी त्यांना शाळेतले समजले होते. ते शाळेतले नव्हते. माधवनगरच्या एका कापड गिरणीत, जी बंद पडून आता बरीच वर्षं झाली, तिथं ते रंगखात्याचे मास्तर होते. सूत कुठल्या रंगात किती वेळ बुडवायचं, पाणी किती तापवायचं आणि आज निघालेला रंग मागच्या महिन्याच्या रंगाशी जुळतो की नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं. गिरणी गेली, पण ते बघणं गेलं नाही.

रंग बघायची त्यांची वेळ ठरलेली होती. सकाळी दहा ते अकरा. त्याआधीचं ऊन सगळ्याला हळद लावतं आणि दुपारचं ऊन सगळ्यातलं थोडं थोडं खातं, असं ते म्हणायचे. शेडच्या उत्तरेच्या बाजूला उभं राहायचं, फूल घ्यायचं, मागं पांढरा रुमाल धरायचा. कपडे पांढरे घालायचे तेही त्याचसाठी. रंगीत सदऱ्याची झाक फुलावर पडते. तांबडा, पिवळा असले शब्द त्यांच्या तोंडात फारसे नसायचे. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, विटकरी, गुळी. एकदा एका पिवळ्या फुलाला ते "हळद लागल्यावर दुसऱ्या धुन्याचा" म्हणाले. मला हसू आलं, पण नंतर दुसऱ्या धुण्याची साडी दोरीवर वाळताना पाहिली आणि तोच रंग होता.

सांगलीच्या एक बाई एकदा आल्या. नव्या बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीला जुळणारी फुलं हवी होती. फोनवर भिंतीचा फोटो काढून आणला होता. त्यांनी फोन पुढं केला तर मास्तरांनी तोंड फिरवलं.

"फोनवर शेड ठरत न्हाई. भिंत आना."

"भिंत कशी आणू?"

"नखानं खरवडून आना. एवढुशी."

बाई रागावून गेल्या. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत रंगाचा पोपडा घेऊन आल्या. मास्तरांनी तो रुमालावर ठेवला, नर्सरीभर फिरले आणि एक फूल आणून शेजारी ठेवलं. पोपडा कुठला आणि पाकळी कुठली कळेना.

"हे लावा. पन दोन पावसाळ्यांत भिंत उतरंल, फूल उतरनार न्हाई. तवा जुळायचं न्हाई. मग मला बोल लावू नका."

बाईंनी पंचवीस रोपं नेली. मी असते तर दोन पावसाळ्यांचं बोलले नसते.

पुढं त्यांच्या घरामागं शेजाऱ्यांनी दोन मजले चढवले आणि परसातलं ऊन गेलं. तेव्हा एक टेम्पो भरून साठ कुंड्या घेऊन ते नर्सरीत आले. सगळ्या डे-लिली. नावाप्रमाणंच एका दिवसाचं फूल. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते. एका दांड्यावर पंधरा-वीस कळ्या असतात, त्यामुळं महिनाभर चालतं. वीस वर्षांत त्यांनी कुठून कुठून पोस्टानं मागवून गोळा केल्या होत्या. गिरणीच्या एका जुन्या रजिस्टरमध्ये प्रत्येकीचं नाव, तिची आई कुठली जात, बाप कुठली जात, कुठून आणली, कधी पहिल्यांदा फुलली, हे सगळं लिहिलेलं. आमचं ठरलं, की मी त्यांच्या लिलींना वाफे आणि पाणी द्यायचं, त्यांनी माझ्या सगळ्या फुलझाडांकडं बघायचं. लिहिलं काही नाही. लिहायची गरज पडली नाही.

भांडणाला सुरुवात पहिल्या पावसाळ्यातच झाली.

आषाढ ते कार्तिक, चातुर्मासाचे चार महिने, ते जमीन उकरायचे नाहीत आणि हिरवं तोडायचे नाहीत. मास्तर जैन, हे मला माहीत होतं, पण आमच्या भागातले जैन शेतकरी पावसाळ्यात नांगर ठेवून बसत नाहीत. तसं केलं तर ऊस कोण लावणार? हा नेम मुळात त्यांच्या बायकोचा होता, घरामागच्या परसापुरता. ती गेली आणि तो यांनी पुढं चालवला. त्याबद्दल ते एवढंच बोलले, "तिनं सोडला नव्हता, मी कशाला सोडू." पण नर्सरीचा धंदा पावसाळ्यातच असतो. लिलीचे गड्डे फोडायला, फुटवे वेगळे करायला पाऊस पडून गेल्यावरची जमीन सगळ्यात बरी.

"मास्तर, गिऱ्हाईक दारात उभं आहे. चार गड्डे फोडू का?"

"तुमच्या वाफ्यातलं कायबी फोडा. माझ्या वाफ्यात कुदळ न्हाई."

"जमीन माझी आहे."

"व्हय. आनि नेम माझा हाय."

आमच्याकडं कामाला येणारी शालन हे ऐकून तोंडाला पदर लावायची. तिनं एकदा त्यांना विचारलं, "आवं मास्तर, गांडुळं बारा म्हैने उकरत्यात, त्यास्नी नेम न्हाई व्हय?" मास्तर म्हणाले, "त्यांचं त्ये बघतील."

या नेमाचा एक परिणाम असा झाला, की उन्हाळ्यात फुलून गेलेल्या दांड्यांवरची बोंडं तशीच राहायची. दुसरा कुणीही नर्सरीवाला बोंड धरू देत नाही, दांडा कापून टाकतो. झाडाची ताकद बियांत जाते. इथं बोंडं आषाढात पिकून फुटायची, काळं चकचकीत बी पाण्याबरोबर पाटात जायचं आणि श्रावणात पाटाच्या कडेनं गवतासारखी हिरवी पाती उभी राहायची. आई जवळचीच कुठली तरी, बाप कुठला ते मधमाशीला ठाऊक. कार्तिकी पौर्णिमा झाली की मास्तर स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन यायचे, एकेक रोप मुळासकट उचलायचे आणि मागच्या वेगळ्या वाफ्यात लावायचे. शालन त्या वाफ्याला मास्तरांची बालवाडी म्हणायची.

मला ते पटत नव्हतं. जागा जायची, पाणी जायचं. दोन वर्षांनी फुलायची तेव्हा शंभरातली नव्वद चिखली नारिंगी निघायची. मी म्हणाले, उपटून टाका. त्यांनी टाकली नाहीत. फुकट देऊन टाकली. शाळेला, देवळाला, तलाठी कार्यालयाच्या अंगणाला.

"विकत नाही आणि फुकट चालतं?"

"फुकट दिल्यालं तसंच पायजे म्हनून कुनी परत येत न्हाई."

हे असं का, ते मला पुढं कळलं.

बालवाडीत तिसऱ्या उन्हाळ्यात एक रोप फुललं. आमसूल भिजवल्यावर पाण्याच्या तळाशी जो रंग बसतो तो, जवळजवळ काळा, आणि घशात पिस्त्यासारखा हिरवा. सुंदर होतं हे कुणालाही दिसलं असतं. पण गडद रंगाची लिली सांगलीच्या उन्हात टिकत नाही. एप्रिलमध्ये बारा वाजता पाकळ्या ओल्या कागदासारख्या होतात, रंग ओघळल्यासारखा दिसतो. म्हणून आमच्याकडं गडद लिली कुणी घेत नाही. मास्तर त्या दिवशी घरी जेवायला गेले नाहीत. रोपाशेजारी छत्री रोवून बसले, आणि सावली स्वतःवर घेतली, फुलावर पडू दिली नाही. बारा झाले, दोन झाले, तीन झाले. मी बघायला गेले तर फूल सकाळी होतं तसं.

"पक्का हाय," ते म्हणाले. बाकी काही नाही. त्यांच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठा शब्द नव्हता.

असे चार उन्हाळे त्यांनी ते रोप पाहिलं. एकाचे बारा फुटवे झाले, बाराचे शंभराच्या पुढं. दर वर्षी तीन वाजता तेच फूल, तोच रंग. मी पहिल्या वर्षीच म्हणाले होते, विकूया. ते नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षी मी जरा नीट मांडलं.

"मास्तर, बियाचा प्रश्न वेगळा. गड्डा फोडून लावला की तेच झाड येतं. शंभर लावले तरी शंभर तसेच. मग आई-बाप कोण याचं काय करायचंय?"

"ठाऊक हाय मला त्ये."

"मग?"

तेव्हा त्यांनी गिरणीतली गोष्ट सांगितली. ते नवीन होते तेव्हाची. एका संध्याकाळी तीन टाक्यांमधलं उरलंसुरलं रंगाचं पाणी एकात ओतून त्यांनी थोडं सूत बुडवलं, नुसतं गंमत म्हणून. जो रंग निघाला तसला त्या गिरणीत कधी निघाला नव्हता. व्यवस्थापकांनी पाहिला, एका व्यापाऱ्याला दाखवला, व्यापाऱ्यानं तेवढं कापड नेलं आणि आणखी मागितलं. भूपालमास्तरांना विचारलं, जमेल का? ते म्हणाले, जमेल. कशात किती पाणी होतं याची नोंद नव्हती. महिनाभर प्रयत्न केले. जवळ जायचा, पण तो नाही. व्यापाऱ्यानं तोवर एका बँडचे निम्मे कोट शिवले होते. शेवटी निम्मे कोट एका रंगाचे आणि निम्मे दुसऱ्या, असा तो बँड सांगलीच्या एका लग्नात वाजला. मास्तर त्या लग्नाला होते.

"मी वरातीत मागं चाललोवतो," ते म्हणाले. "सगळी लोकं नवरदेवाकडं बघत व्हती. मी कोटांकडं."

त्यानंतर नोंद नसलेला रंग त्यांनी गिरणीतून बाहेर जाऊ दिला नाही. आता लिलीच्या बाबतीत हे लागू पडत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण कळणं एका जागी होतं आणि हात दुसऱ्या जागी.

म्हणून त्यांनी आई-बाप शोधायला घेतले. उन्हाळ्यात पहाटे उमललेल्या फुलांवर स्वतःच्या हातानं पराग लावायचे आणि दांड्याला सूत बांधायचे. बाप जो असेल त्याच्या रंगाचं सूत. लाल दोरा म्हणजे अमुक, निळा म्हणजे तमुक. वाफा लग्नघरासारखा दिसायचा. यातून दोन वर्षांनी फुलं यायची ती बघायची, आमसुली निघतंय का. जे निघालं ते डाळिंबी, अंजिरी, एकदा तर चॉकलेटी. आमसुली निघालं नाही. मी म्हणाले, मास्तर, त्याच आई-बापांची सगळी पोरं सारखी नसतात. ते म्हणाले, "पन एखादं तरी भावंडाच्या तोंडावर जातंच की."

याच सुमारास पाटणहून मागणी आली. पाटणच्या वर, कोयनेच्या बाजूला एक मोठं रिसॉर्ट होत होतं. तिथल्या बागेचं काम देसाई नावाच्या एका तरुण माणसाकडं होतं. तो रोपं बघायला आला, दुपारी तीनला बालवाडीपाशी थांबला आणि हलेना. त्याला ती आमसुली लिली हवी होती. सगळी. दोन वर्षांत होतील तेवढी सगळी, आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. नर्सरीला अशी मागणी कधी आली नव्हती. मी त्या जोरावर मोगऱ्याचे तीन वाफे मोडले.

देसाईची एक अट होती. रिसॉर्टमध्ये प्रत्येक झाडापाशी फलक असणार. झाडाचं नाव, मूळ, कुठल्या दोन जातींपासून तयार केलं, वगैरे. पाहुण्यांना वाचायला. तेव्हा तुमच्या छापील यादीत हे सगळं असलं पाहिजे.

मी यादी छापली. लिलीला नाव दिलं आणि खाली आई-बापांच्या जागी मास्तरांच्या रजिस्टरमधली दोन बरी वाटणारी नावं घातली. एक गडद होती, एकीचा घसा हिरवा होता. मला तेव्हा यात वावगं वाटलं नाही. त्यांतलीच कुठली तरी असणार होती. मास्तरांना विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

तीनशे प्रती छापखान्यातून आल्या त्या दिवशी मास्तर ऑफिसात आले, वरची प्रत उचलली आणि खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. लिलीच्या पानावर थांबले.

"आक्का, ही दोघं एका म्हैन्यात फुलतच न्हाईत."

मी मान वळवून ते पान बघितलं.

"ही मार्चात उरकती. ही मे संपताना डोळं उघडती." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "ह्यांची गाठ कवा पडली?"

दारात शालन उभी होती. ती हसली आणि मी बघितल्यावर निघून गेली.

मास्तरांनी आवाज चढवला नाही. पट्टी मागितली. ऑफिसच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि एकेक प्रत उघडून त्या दोन नावांवर रेघ मारत गेले. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "फोनवर गेलंय का हे?"

"देसाईला पाठवलंय."

"मग फोनवरबी खोडा."

मी फोन लावला आणि त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला. देसाईला सांगितलं, की ती दोन नावं चुकीची आहेत, मी घातली होती, खरी माहीत नाहीत.

"अहो मॅडम, असू दे की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मास्तर लांबूनच म्हणाले.

देसाई हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण फलकावर 'माहीत नाही' लिहिलं तर मालक मला विचारतील, हे काय रस्त्यावरचं आणलं का? आपण असं करू. 'स्थानिक निवड' लिहू. खोटं पण नाही."

मला ते पटलं. खरंच खोटं नव्हतं. शेकडो रोपांतून एक वेगळं ठेवलं, त्याला निवडच म्हणतात. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी विचार केला, हे मला दिसलं. ते नुसते अडून बसले नव्हते. मग म्हणाले, "निवडलं न्हाई मी. फेकलं न्हाई, एवढंच."

देसाईनं पुढच्या आठवड्यात कळवलं, की मालकांनी दुसरीकडून बाहेरच्या जाती मागवल्या. नावागावासकट.

मी मास्तरांना तेव्हा बोलले ते इथं लिहून ठेवते, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं आणि आपलं झाकायचं हे बरं नाही. मी म्हणाले, ही नर्सरी आहे, पांजरपोळ नाही. न विकायची झाडं ठेवायला माझ्याकडं जागा नाही. एक तर विका, नाहीतर दिवाळीनंतर मी त्या वाफ्यावर ट्रॅक्टर घालते. भाकड जनावरं मरेपर्यंत पोसायची जैनांची जागा ती; तो शब्द त्यांना लागणार हे मला माहीत होतं.

ते आठ दिवस आले नाहीत. चौथ्या दिवसापासून शालन मला रोज विचारायची, "गेलं का म्हातारं रुसून?" आणि मी म्हणायची, जाऊ दे.

नवव्या दिवशी आले. हातात जाड पांढऱ्या कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्यांची चवड होती, प्रत्येकीला भोक पाडून सूत ओवलेलं. वरची माझ्या पुढं ठेवली. गिरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'बी पडून आपोआप आलेली. आई-बाप ठाऊक नाहीत. चार उन्हाळे पाहिली, रंग पक्का.'

"ही बांधून इकायची असंल तर इका. हिच्याशिवाय न्हाई."

"आणि नाव?"

"ज्यानं त्यानं आपल्या दारात ठेवावं."

मी म्हणाले, ही चिठ्ठी वाचून कोण घेणार? ते म्हणाले, न घेणाऱ्यानं घेऊ नये. हा व्यवहार मला जमणारा नव्हता, पण तीन वाफे रिकामे होते आणि दुसरं काही हातात नव्हतं. कार्तिकानंतर गड्डे फोडले, कुंड्या भरल्या, चिठ्ठ्या बांधल्या.

विक्री झाली. फार नाही, पण थांबलीही नाही. काही लोक चिठ्ठी वाचून कुंडी परत ठेवायचे. काही हसायचे. कुंडलकडच्या एक बाई, माझ्या माहेरच्या ओळखीच्या, चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाल्या, "आमच्या थोरल्या सुनेचं असंच हाय. आई-बाप ठाऊक न्हाईत, आश्रमातनं आनली. आनि तीच घर धरून हाय." त्यांनी चार नेल्या. साताऱ्याच्या एका शिक्षकांनी दोन नेल्या आणि उन्हाळ्यात फोन करून सांगितलं, की दुपारी तीनलाही उभी आहे. मी मास्तरांना निरोप दिला. ते म्हणाले, "लिवलंय तसं हाय म्हनायचं."

पोरंबाळं नसल्यासारखे राहायचे, पण पुण्याला त्यांचा एक मुलगा होता. भाद्रपदात मास्तर न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा येऊन म्हणाला, आता एकटं ठेवत नाही. जायच्या दिवशी गाडी घेऊन तो त्यांना नर्सरीत घेऊन आला. मास्तरांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात कोऱ्या चिठ्ठ्या.

चातुर्मास चालू होता, गड्डे जमिनीत होते. काढायचे ते कार्तिकानंतर. तोवर ते इथं नसणार होते. म्हणून चिठ्ठ्या आधी लिहून ठेवायला आले होते. वाफ्याच्या कडेला स्टूल दिलं तर बसले नाहीत. काठीवर वाकून, पाती बाजूला सारत, एकेक फुटवा मोजत गेले. मुलगा घड्याळ बघत होता. मी म्हणाले, "मास्तर, बसा, मी सांगते. मागच्या वर्षीच्या हिशेबानं साठ तरी निघतील. साठ लिहा."

"एक्केचाळीस हायत."

"वर दिसतात तेवढे. खाली मातीत आणखी असतात, तुम्हाला माहीत आहे."

"मातीतलं मला दिसत न्हाई."

मग बसले आणि एक्केचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकेकीला वेळ लागत होता. मुलानं एकदा म्हटलं, "अप्पा, छापून घेऊ की आपण, पुण्याहून पाठवतो." मास्तरांनी पुढची चिठ्ठी ओढली. एक्केचाळिसावी झाल्यावर त्यांनी चवड सुतानं बांधली. उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या करून माझ्या हातात दिल्या.

"ह्या तुमी लिवा, आक्का. काढाल तवा. मोजून."

मी हो म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते सदऱ्याच्या खिशात अडकवलं आणि उठले. गाडीत बसताना काठी आत नीट जाईना, तर मुलानं ती काढून डिकीत टाकली. शालननं दार लावून दिलं. मास्तरांनी काच खाली केली. मला वाटलं, काहीतरी सांगायचंय, म्हणून मी जवळ गेले. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या हातातल्या कोऱ्या चिठ्ठ्या बघत होते. बोटानं हवेत एकेक करून त्यांनी त्या लांबूनच मोजल्या, आणि मग काच वर केली.